पट्टा पडायच्या आत: एका हंगामी नात्याचं प्रकरण

उसाच्या गळीत हंगामात कोल्हापूर जिल्ह्यात जमणाऱ्या आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपून कारखाना बंद झाला, की तुटणाऱ्या नात्यांत जे धागे पुन्हा पुन्हा दिसतात, ते एकत्र बांधून हे प्रकरण मांडलं आहे. म्हणून इथे नावं नाहीत. मुलगा करवीर तालुक्यातल्या भोगावती काठच्या गावचा, मुलगी बीड जिल्ह्यातून आलेल्या तोडणी टोळीतली. त्याला बावीस पूर्ण, तिला एकोणिसावं चालू.

एक शब्द, दोन अर्थ

कोल्हापूरच्या शेतकऱ्याला 'उचल' म्हणजे कारखान्याकडून येणारा पहिला हप्ता. "यंदा पहिली उचल किती?" हा दिवाळीच्या आसपास पारावरचा पहिला प्रश्न असतो. त्यासाठी ऊस परिषदा होतात, गाड्या अडवल्या जातात. बीडच्या तोडकऱ्याला 'उचल' म्हणजे मुकादमाकडून, टोळी आणणाऱ्या ठेकेदाराकडून, दसऱ्या-दिवाळीआधी घेतलेली आगाऊ रक्कम. ती पुढचे चार-पाच महिने कोयता चालवून फेडायची. एकाला ती येणं, दुसऱ्याला देणं. ही दोघं कित्येक आठवडे बोलत होती, पण हा फरक मुलाच्या ध्यानात आला तो हे प्रकरण हाताळणाऱ्या समुपदेशकाने कागदावर आकडे मांडले तेव्हा.

मुलाच्या घरी तीन एकर ऊस. एकरी पंचेचाळीस टन धरला तर १३५ टन, आणि टनाला तीन हजार शंभर धरले तर चार लाख अठरा हजारांच्या वर. त्यातून सोसायटीचं कर्ज, खत आणि पाणीपट्टी वजा जाते, म्हणजे हे घर काही श्रीमंत नव्हे. पण पैसा येणार हे ठरलेलं असतं आणि तो येईपर्यंत दोन म्हशींच्या दुधाचं बिल घर चालवतं.

मुलीचं गणित असं. टोळीत 'कोयता' म्हणजे दोन माणसांची जोडी: एक तोडणारा, दुसरी पाचट काढून मोळी बांधणारी आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेणारी. बहुतेक कोयते नवरा-बायकोचे. हिची आई आजारपणामुळे गावीच राहिली होती, म्हणून ती बापाबरोबर कोयत्याला लागली. भाऊ आणि भावजय यांचा दुसरा कोयता, आणि भावजय पाच महिन्यांची गरोदर. बापाने मुकादमाकडून ऐंशी हजार घेतले होते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनाला ३६६ रुपयांच्या आसपास गेला. एक कोयता दिवसाला साधारण दोन टन तोडतो. फेब्रुवारीच्या २० तारखेपर्यंत त्यांचं ऐंशी दिवस काम झालं होतं: १६० टन, ५८ हजार ५६० रुपये. पण खाण्यापिण्यासाठी मुकादम आठवड्याला जी 'खर्ची' देतो तीही उचलीतच चढते. पंधराशेप्रमाणे चौदा आठवड्यांचे एकवीस हजार. म्हणजे एक लाख एक हजारातून ५८ हजार ५६० वजा, राहिले ४२ हजार ४४०. पट्टा १५ मार्चच्या सुमाराला पडेल असा अंदाज होता. तोवर आणखी बावीस दिवस काम मिळालं, तरी तीन आठवड्यांची खर्ची धरून तीसेक हजारांची बाकी पुढच्या वर्षावर जाणारच होती.

गोठ्यातला प्लग

ओळख झाली ती चार्जिंगमुळे. कोप्यांवर, म्हणजे टोळीच्या तात्पुरत्या झोपड्यांवर, वीज नसते. टोळी ज्याच्या रानात किंवा गायरानात उतरते, त्याच्या जवळच्या घरी मोबाइल चार्जिंगला लावले जातात. इथे ते गोठ्यातल्या एकमेव प्लगला लागत. संध्याकाळी सहाला लावायचा, आठला न्यायचा. दुसरं कारण वाढ्याचं. ऊस तोडला की शेंड्याचं हिरवं वाढं तोडकरी विकतात आणि गावातले लोक म्हशींसाठी ते पहाटेच फडातून आणतात. मुलगा डिसेंबरच्या मध्यापासून रोज साडेसहाला फडात हजर असे. आधी हे काम त्याची आई करायची. मुलगा अचानक गोठ्याच्या कामाला लागला तेव्हा घरातल्यांना बरंच वाटलं, संशय कुणालाच आला नाही.

ती दहावी झालेली. पाऊस-पाणी बरं असतं तर पुढे शिकली असती. तो बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. बोलणं हसण्यावारी सुरू झालं. कोल्हापूरच्या बायका "मी आलो", "मी गेलो" म्हणतात याचं तिला फार हसू यायचं. "तुमच्याकडं बायाबी आलो म्हणत्यात व्हय?" हे तिने त्याला विचारलेलं पहिलं वाक्य, असं त्याने नंतर सांगितलं. ती सहा हंगाम या जिल्ह्यात येत होती आणि तिने अंबाबाईचं देऊळ पाहिलं नव्हतं. ही गोष्ट कोल्हापूरच्या वाचकाने थांबून वाचावी. ज्यांनी तोडलेल्या उसावर इथली गुऱ्हाळं आणि कारखाने चालतात, त्यांतल्या कितीतरी जणांना शहर दिसतं ते ट्रकच्या हौद्यातून, येताना आणि जाताना.

जानेवारीच्या शेवटी कारखान्यात बिघाड झाला आणि तोड दोन दिवस थांबली. दोघं वेगवेगळ्या वडापने, म्हणजे खासगी प्रवासी गाडीने, शहरात आली. रंकाळ्यावर तासभर बसली, खासबागेजवळ भेळ खाल्ली आणि मग देवळात गेली. इथेच घोटाळा झाला. ते दिवस किरणोत्सवाचे होते. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीच्या संध्याकाळी मावळतीची किरणं गाभाऱ्यात मूर्तीपर्यंत येतात आणि निम्मा जिल्हा महाद्वारात लोटतो. गावातल्या चार माणसांनी त्यांना पाहिलं. तिला देऊळ दाखवायचं हा त्याचा हेतू चांगला होता. पण ज्या संध्याकाळी कुणीही सहज भेटेल, तीच त्याने निवडली, कारण दिसलं तर काय होईल याचा विचार त्याला आयुष्यात कधी करावाच लागला नव्हता. तिने तो केला होता. देवळात जाताना तिने तोंडाला स्कार्फ बांधला होता, आणि गाभाऱ्यासमोर नमस्कार करताना तो सोडला.

एकाच चुकीच्या दोन किमती

दोन दिवसांत दोन्हीकडे कळलं. मुलाच्या गाडीची किल्ली काढून घेतली आणि त्याला आठ दिवस कागलला मामाकडे पाठवलं. वडील बोलले नाहीत, आई रडली. तिकडे मुलीचा मोबाइल भावाने दगडावर आपटला. तिला फडात बाप आणि भाऊ यांच्या मधल्या सरीत काम द्यायला लागले, पाण्यालाही एकटी सोडेनात. मुकादमाने सांगितलं की पट्टा पडायच्या आत टोळी दुसऱ्या गटात हलवू आणि गावी गेल्यावर वैशाखात लग्न उरकू. त्याच्या ओळखीत एक मुलगा होताच, 'अर्धा कोयता' म्हणून जोडीदार शोधणारा. मुकादमाच्या दृष्टीने हे सोयीचं होतं: बाप आणि लेक हा कोयता मोडणार होता, त्याऐवजी नवा जोडीचा कोयता तयार होणार आणि लग्नाच्या खर्चासाठी नवी उचलही त्याच्याकडूनच जाणार.

गावातल्या सुज्ञ माणसांनी मध्यस्थ म्हणून मुकादमालाच बसवलं. माणूस वाईट नव्हता, पण ज्याचे पैसे अडकलेत त्याला त्या घराच्या मुलीबद्दलच्या निर्णयात मध्यस्थ करू नये. अशा प्रकरणांत ही चूक इतकी नेमाने होते की ती पहिल्या दिवशीच टाळायला हवी.

हस्तक्षेप

वाचा फुटली ती आशा ताईंमुळे, म्हणजे गावच्या आशा आरोग्य कार्यकर्तीमुळे. त्या गरोदर भावजयीच्या तपासणीसाठी कोप्यांवर जात. भावजयीनेच हळू आवाजात सांगितलं की नणंदेला कुणाशी बोलू देत नाहीत. आशा ताईंनी समुपदेशकाला कळवलं, तारीख १६ फेब्रुवारी. पट्टा पडायला एक महिना.

इथे समुपदेशकाची पहिली चूक नोंदवायला हवी. मुलगा सापडायला सोपा होता, म्हणून पहिली भेट त्याच्या घरी झाली. गावात जीप थांबली ही बातमी कोप्यांवर अर्ध्या तासात पोचली, आणि मुलीच्या बापाला वाटलं की पोरीबद्दल तक्रार झाली. पुढचे तीन दिवस तो कुणाशी बोलेना. पहिली भेट नेहमी ज्याची बाजू कमकुवत आहे त्याची घ्यावी, आणि तीही त्याच्या जागेवर. यानंतर मुलीच्या तिन्ही भेटी आशा ताईंच्या ठरलेल्या फेरीत झाल्या, कोपीच्या दाराशी, भावजय शेजारी, प्रत्येकी वीस-पंचवीस मिनिटं. निरोप्याचं काम कुणी केलं नाही. "तिला एवढंच सांगा" असं मुलगा दोनदा म्हणाला आणि दोन्ही वेळा त्याला नाही म्हटलं गेलं. समुपदेशक एकदा निरोप पोचवू लागला की मुलीला तो मुलाच्या बाजूचाच माणूस वाटतो, आणि मग ती खरं बोलत नाही.

सगळ्यात आधी वय. आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी होती. तारीख माहीत नसली की नोंदवणारा ती टाकून मोकळा होतो, त्यामुळे अशा आधारावर विसंबू नये. शाळा सोडल्याच्या दाखल्याचा फोटो भावाच्या मोबाइलमध्ये सापडला: अठरा वर्षं सात महिने. ती अठराच्या आत असती तर चित्र पूर्ण बदललं असतं. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ आणि पॉक्सो २०१२ (मुलांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणारा कायदा) लागू झाले असते, मुलावरही गुन्हा होऊ शकला असता, आणि पहिला फोन १०९८ या चाइल्डलाइनला गेला असता.

मग धोका. मारहाण होते का, रात्रीत हलवायची भाषा आहे का, जीव द्यायचं बोलते का. मोबाइल फोडला होता, पाळत होती, पण मारहाण नव्हती आणि बाप तिच्याशी बोलत होता. तरीही ११२ (तातडीची मदत) आणि १८१ (महिला मदत) हे दोन आकडे तिच्याकडून पाठ करून घेतले, कारण कागदावर दिलेला नंबर पहिल्यांदा सापडतो तो पाळत ठेवणाऱ्यालाच. भावजयीलाही तेच दोन आकडे पाठ करून दिले.

तिसरं, कायदा. दोघं हिंदू, तो मराठा, ती वंजारी. हिंदू विवाह कायदा १९५५ प्रमाणे असं लग्न पूर्ण वैध. विधी करून तीन साक्षीदारांसह नोंदणी करता येते, नोटिशीची मुदत थांबावी लागत नाही. विशेष विवाह कायदा १९५४ घेतला तर दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस वास्तव्य हवं, नोटीस कार्यालयात लागते, आक्षेपासाठी तीस दिवस थांबावं लागतं आणि लग्न नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत व्हावं लागतं. मुलगा इथलाच असल्याने वास्तव्याची अट पुरी होत होती. पण फेब्रुवारीच्या विसाव्याला नोटीस दिली असती तर मुदत २२ मार्चला संपली असती, म्हणजे टोळी गावी गेल्यावर. शिवाय नोटीस फळ्यावर लागली की ती गावात पोचायला तीस दिवस लागत नाहीत. राज्याच्या आंतरजातीय विवाह प्रोत्साहन योजनेचे पन्नास हजार जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागामार्फत मिळू शकतात, पण ते लग्नानंतर, आणि पहिले सहा महिने भाकरी त्यावर चालत नाही. दोन सज्ञान माणसांच्या लग्नात घर, जात किंवा गाव आडवं येऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शक्ती वाहिनी प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तेही दोघांना वेगवेगळं समजावलं.

म्हणजे कायद्याची वाट मोकळी होती. अडचण वेगळीच निघाली.

मुलाला एका कोऱ्या कागदावर तीन ओळी लिहायला सांगितल्या: पहिल्या रात्री राहणार कुठे, स्वतःचं उत्पन्न किती, घरात कुणाला सांगितलंय. सातबारा आजोबांच्या नावावर, दूध बिल वडिलांच्या खात्यावर, गाडीचा हप्ता वडील भरणार. स्वतःचं उत्पन्न शून्य. तिसऱ्या ओळीत त्याने लिहिलं, "आईला सांगणार आहे." डिसेंबरपासून तो तिला लग्नाचं म्हणत होता आणि फेब्रुवारी संपत आला तरी आईला 'सांगणार' होता. मुलगा खोटा नव्हता. पण जे आपल्या हातात नाही ते त्याने देऊ केलं होतं, आणि ते हातात यावं म्हणून एकही पाऊल टाकलं नव्हतं. लग्नाचं खोटं वचन देऊन, ते पाळायचा इरादाच नसताना शरीरसंबंध ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ खाली गुन्हा आहे, हेही त्याला सांगितलं. इथे तसं काही घडलं नव्हतं. तरी ते ऐकल्यावर त्याने पहिल्यांदा स्वतःच्या शब्दांकडे नीट पाहिलं.

आजोबांशी बोलणं झालं तेव्हा भिंतीवर शाहू महाराजांचा फोटो होता. महाराजांनी संस्थानात आंतरजातीय विवाहाला कायद्याचं पाठबळ दिलं, मराठा-धनगर विवाह जुळावेत म्हणून स्वतः पुढाकार घेतला, हे आजोबांनीच अभिमानाने सांगितलं. मग नातवाचं काय, असं विचारल्यावर बराच वेळ गेला. "ते म्हाराज हुते," एवढंच ते म्हणाले. त्यांना हलकं ठरवणं सोपं आहे. पण त्या घरात मुलीला 'बीडची' म्हणत होते, 'खालची' कुणी म्हटलं नाही. अडलं होतं ते जातीइतकंच कामावर: फडातली मोळी वाहणारी पोर त्याच फडाच्या मालकिणीच्या चुलीपाशी बसणार, हे त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहत नव्हतं.

तिचा निर्णय

मुलीला विचारलेले प्रश्न साधे होते. तुला तो आवडतो का? हो. त्याच्याशी लग्न करायचंय का? बराच वेळ शांतता. आत्ता, पट्टा पडायच्या आत? तिने मान हलवली, नाही. "मी निघून गेले तर आप्पाचा कोयता मोडंल. एकटा माणूस तोडील, का बांधील, का वाहील?"

इथे तिला एक गोष्ट स्पष्ट सांगणं गरजेचं होतं. बापाच्या उचलीला सज्ञान मुलगी कायद्याने बांधील नाही. करार मुकादम आणि बाप यांच्यात आहे. कर्जापोटी माणसाला कामाला जखडून ठेवणं १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने बंद केलं आहे. हे तिला तीनदा, वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं, म्हणजे तिचं 'नाही' भीतीतून येऊ नये. तिसऱ्या भेटीत ती म्हणाली, "कायदा कळला. पण आप्पावर बाकी राहील ना? आन तो तर अजून आईला बोलला नाही." तिने दोन्ही आकडे बरोबर मांडले होते, बापाची बाकी आणि मुलाची तयारी.

मग जे करता येण्यासारखं होतं त्याकडे वळता आलं, ते म्हणजे वैशाखातलं लग्न थांबवणं. बापासमोर लाज, इज्जत, शिक्षण यांपैकी कशाचीही भाषा केली नाही. वर दिलेला हिशोब मांडला. तीसेक हजारांची बाकी तर राहणारच, त्यात लग्नासाठी आणखी लाखाची उचल घेतली तर पुढच्या हंगामात दोन टन दिवसाला तोडूनही, खर्ची धरून, ती फिटत नाही. आणि लेक सासरच्या कोयत्यावर गेल्यावर बापाचा कोयता उरतो अर्धाच. बापाने तो कागद घडी करून खिशात ठेवला. दोन दिवसांनी तो आशा ताईंना म्हणाला, "औंदा नाय करीत. दिवाळीनंतर बघू." कॉलेजात न जाता बारावीला बाहेरून बसण्यासाठी १७ नंबर फॉर्म भरता येतो, त्याची तारीख आणि लागणारे कागद भावजयीला लिहून दिले, कारण दाखल्याचा फोटो तिच्याच नवऱ्याच्या मोबाइलमध्ये होता.

दोघांची शेवटची भेट ११ मार्चला झाली, भर दुपारी, बंधाऱ्यावर, आशा ताई पन्नास पावलांवर. वीस मिनिटं ठरली होती, ती बारा मिनिटांत उठली. काय बोलणं झालं ते कुणी विचारलं नाही. मुलाने एवढंच सांगितलं की तिने तिचा चार्जर परत मागितला. मोबाइल फुटला होता, तरी चार्जर हवा होता. तो गोठ्यातच टांगलेला होता.

पट्टा १४ तारखेला पडला. टोळी रात्री दोनला निघाली. मुलाचं अक्षर बिघडलं, झोप उडाली. चैत्रात घरच्यांनी जोतिबाला नेलं, गुलालात माखून आला आणि गाडीतच रडला. तेव्हा त्याने आईला सगळं सांगितलं, तीन महिने उशिरा. त्याला टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ क्रमांकावर दोनदा बोलायला लावलं गेलं. परीक्षा दिली, एक विषय राहिला. हे दुःख खरं होतं, आणि तिचं त्याहून कमी होतं असं मानायला काही कारण नाही. तिला ते फडात, उन्हात, बापाच्या मागच्या सरीत सोसावं लागलं एवढंच.

पुढच्या कार्तिकात दुसरी टोळी आली. मुलाच्या आईने गोठ्याच्या बाहेरच्या भिंतीवर सहा पॉइंटचा बोर्ड बसवून घेतला, वर पत्र्याचा आडोसा केला. "कुणी आत याला नगं," असं तिने वायरमनला सांगितलं. आता संध्याकाळी तिथे मोबाइल लागतात, पोरी दोघी-तिघी मिळून येतात, लावून जातात, आणि आठच्या आत नेतात.